एका हाताने काढलेला चष्मा

ताईचा नवा चष्मा मी काम करते त्या दुकानात आठवडाभर तयार पडून होता. मालक रोज त्या डबीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हा तुमच्या बहिणीचा ना? मग मुहूर्त बघताय की काय?" मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा ती म्हणाली, "येते गं, जरा गडबड आहे." ताईची गडबड कधीच जरा नसते. शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबी पर्समध्ये टाकली आणि तिच्या कॉलेजात गेले. इतकी वर्षं एकाच शहरात राहून त्या इमारतीत मी कधी पाय ठेवला नव्हता. शिपायाने वर बोट केलं, "शेवटचा वर्ग. तास सुटायला आलाय." व्हरांडा लांबलचक, फरशी नुकतीच पुसलेली, आणि प्रत्येक दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेची एक पट्टी. शेवटच्या दाराशी पोचायच्या आधीच आवाज आला. आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते चटकन उमगेना, कारण मला तो एका सोळा वर्षांच्या मुलीचा म्हणून माहीत होता आणि ती मुलगी केव्हाच निघून गेली होती. काचेतून पाहिलं तर फळ्यापुढे ताई. जुना चष्मा काढून हातात घेतलेला, एका काडीला धरून ती तो गरागरा फिरवत होती, नजर मागच्या भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी, आणि बोलत होती ती खालच्या, घाईघाईच्या आवाजात, पलीकडच्या खोलीत आईवडील झोपलेत आणि त्यांना कळू द्यायचं नाही अशा. समोर वर्गभर मुलं, चिडीचूप. ती काय सांगत होती त्यातलं मला काही कळलं नाही. मग घंटा झाली. ताई वाक्याच्या मधोमध थांबली, हसली, आणि म्हणाली, "पुढचं उद्या."

माझ्या हातून डबी खाली पडली. दार उघडून मुलं बाहेर आली, मी वाकून त्यांच्या पायांमधून डबी शोधत होते, आणि सगळ्यांत शेवटी ताई आली. मला पाहिल्याबरोबर तिने हातातला जुना चष्मा नाकावर चढवला. त्याबरोबर आवाजही चढवला असावा, कारण पुढचं बोलली ती घरच्या आवाजात. "अगं, कशाला आलीस? फोन करायचास. किती झाले?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, तसं नको. मी म्हटलं, मग पुढच्या वेळी. नवा चष्मा तिने डोळ्यांना लावून पाहिला, बरा आहे म्हणाली, आणि घड्याळ बघितलं. सख्ख्या बहिणी आम्ही, आणि आमचं बोलणं एखाद्या पाकिटावरच्या पत्त्याएवढं. परत येताना मी दुकानाच्या पुढे कितीतरी अंतर चालत गेले आणि मग लक्षात आल्यावर मागे फिरले. पुढचं उद्या. हे दोन शब्द माझे होते. ते ती रोज परक्या पोरांना वाटत होती आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

आमची खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. एकच पलंग, भिंतीकडे मी, कडेला ताई, कारण मी लहान होते आणि पडायची. दिवा गेला की ताईचा चष्मा उशाखाली जायचा. आई ओरडायची, मोडेल एक दिवस, आणि तो दर दोन महिन्यांनी वाकडा व्हायचाच. मग गोष्ट सुरू. गोष्ट एका कासवाची होती, ज्याला आपली स्वतःची पाठ बघायची होती. बस, एवढंच. सगळे त्याला म्हणायचे, काय सुंदर पाठ आहे रे तुझी, आणि त्याने ती कधी पाहिलेली नव्हती. म्हणून ते निघालं. तळ्याला विचारलं तर तळं म्हणालं, मला तुझं पोट दिसतं, हवं तर ते सांगते. कावळ्याला विचारलं तर तो म्हणाला, मला दिसते बाबा, पण माझ्याकडे शब्द एकच आहे. असं ते कासव कासवाच्याच गतीने महिनोन्‌महिने चाललं होतं. मधे मधे "मग?" म्हणणं हा माझा वाटा. मी झोपत आले की "मग?" यायचं थांबायचं, आणि ताई म्हणायची, पुढचं उद्या. शेवटच्या रात्री कासव एका आरसेवाल्याच्या दारात पोचलं होतं. आरसेवाल्याने आरसा धरला, त्यात त्याला आपलं तोंड दिसलं. आरसेवाला म्हणाला, एका आरशाचं हे काम नव्हे, थांब, आतून दुसरा आणतो. आणि तो आत गेला. पुढचं उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ट्रंक घेऊन होस्टेलला गेली. शिष्यवृत्ती मिळाली होती, घरात सगळे खूश, मीही खूश, कारण पलंग माझ्या एकटीचा झाला होता. पहिल्या सुट्टीत ती आली तेव्हा मी रात्री विचारलं, "मग?" ती पुस्तक वाचत होती. म्हणाली, "मग काय? मोठी हो आता." मी भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि त्यालाही आता आयुष्य लोटलं, पण आरसेवाला अजून आतच आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही. बाई पन्नाशीला आली आणि कासवावर अडली आहे म्हटलं तर लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.

वडील गेले तेव्हा माझी सायन्सची दोन वर्षं झाली होती. ताईने बाहेरगावी पुढचं शिक्षण धरलेलं, आई एकटी, तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात लागले. मला कुणी बसवलं नाही, मीच बसले, आणि खरं सांगायचं तर काम मला आवडतं. दिवसभर मी माणसांच्या डोळ्यांत बघते. वीतभर अंतरावरून, निवांत, बुबुळापासून बुबुळापर्यंतचं अंतर मोजत, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. एवढं तर नवराबायकोही एकमेकांकडे बघत नसतील. ताई नोकरी लागून याच शहरात परत आली तेव्हा आईला आणि मला वाटलं, आता काय, रोजची ये-जा. पण ती यायची ती खुर्चीच्या कडेवर बसायची, पर्स मांडीवर. आईची औषधं चालू आहेत ना, नळ दुरुस्त झाला का, बिल भरलंस का. चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवायची, पाहुण्यासारखी. ती गेली की आई म्हणायची, "तुझ्या ताईचं सगळं बोलणं तिकडेच खर्च होतं बघ." मी आईला गप्प करायची. आई गेली तेव्हा ताईने कागदपत्रं, घराची नावं, सगळं चार दिवसांत मार्गी लावलं आणि एका संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "काही लागलं तर सांग." मला जे लागत होतं त्याला नाव काय द्यायचं तेच सुचलं नाही. म्हटलं, सांगेन.

तिच्या जुन्या चष्म्याची उजवी काडी नेहमी बाहेर फाकलेली असायची. आमच्या धंद्यात हे कळतं; जो माणूस चष्मा दोन्ही हातांनी काढतो त्याची फ्रेम वर्षानुवर्षं सरळ राहते, आणि जो एका हाताने ओढून काढतो त्याची एक काडी हळूहळू फाकते, मग चष्मा एका बाजूला कलतो आणि नाकावरून घसरतो. दर काही महिन्यांनी ती दुकानात डोकवायची, काउंटरवर चष्मा ठेवायची आणि म्हणायची, "बघ गं जरा, पुन्हा घसरतोय." मी काडी गरम हवेवर धरून आत वळवायची आणि मनात म्हणायची, एवढी शिकलेली बाई, पण साधा चष्मा काढता येत नाही. त्या दुपारनंतर मला कळलं की ती काडी कशाने फाकत होती. तो आवाज लागला की तिचा हात आपोआप चष्म्याकडे जात होता. म्हणजे इतकी वर्षं त्याची खूण माझ्या हातात येत होती, आणि मी ती नीट सरळ करून, पुसून, परत देत होते.

बाहेरच्या माणसाला एखादा विषय घेऊन वर्गात बसता येतं, हे मी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारून आले. ताईचा विषय डिफरन्शियल इक्वेशन्स, सकाळी आठचा तास. दुकान दहाला उघडतं. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "तुमचं आधीचं गणित झालेलं आहे, बसा की. पण करणार काय शिकून? बढती आहे का?" मी म्हटलं, "नाही, हौस." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द या विषयासाठी पहिल्यांदाच ऐकला असावा. जुनी पुस्तकं काढून मी महिनाभर घासली. पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकावर बसले. ताईने हजेरी घेतली, शेवटचा नंबर माझा. मी हजर म्हटलं तशी तिने मान वर केली. चष्मा घसरला होता तो बोटाने वर सारला, आणि फळ्याकडे वळून विषयाचं नाव लिहिलं. तास संपल्यावर व्हरांड्याच्या टोकाला तिने मला गाठलं.

"हे काय आहे?"

"शिकायचंय."

"वेडबिड लागलंय का?"

"असेल."

तिने व्हरांड्यात मागेपुढे पाहिलं. मग म्हणाली, "इथे मी तुझी ताई नाही हं."

"नकोच आहे," मी म्हटलं, आणि आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी गिऱ्हाइकालाही कधी सांगितलेलं नाही.

साध्या समीकरणात उत्तर म्हणून एक आकडा मिळतो, तो खाली रेघ मारून लिहायचा आणि मोकळं व्हायचं. इथे तसं नव्हतं. इथे उत्तर म्हणजे एक अख्खी वाट असते. समीकरण तुम्हाला फक्त एवढंच सांगतं की आत्ता जिथे उभे आहात तिथून कुठल्या बाजूला आणि किती वेगाने सरकायचं. पुढच्या ठिकाणी पोचलात की पुन्हा तेवढंच सांगतं. त्या चिमुकल्या सरकण्यांवरून पूर्ण वाट शोधून काढायची, हा सगळा विषय. मला तो आवडायला लागला, हे मला अपेक्षित नव्हतं. बसस्टॉपवर, लेन्सच्या कडा मशीनवर घासताना, डोक्यात वाटा फिरायच्या. पण ज्यासाठी मी गेले होते ते मात्र मिळत नव्हतं. ताई चष्मा काढतच नव्हती. नाकावर घट्ट बसवून, एकेक ओळ फळ्यावर उतरवून, ती घरच्या आवाजात शिकवायची. नळ दुरुस्त झाला का, तसं हे पद डावीकडे आलं का. घंटा झाली की "इथे थांबू" म्हणायची. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, केसांची एक बट निळी रंगवलेली. मी मनात तिला निळीच म्हणायची. ती मला मावशी म्हणायची. एक दिवस ती कुजबुजली, "मावशी, मॅडमना यंदा काय झालंय हो? मागच्या वर्षीची पोरं म्हणत होती, सिनेमासारखं शिकवतात. हे तर औषधाच्या बाटलीवरचं वाचल्यासारखं वाटतंय." मला खाली बघावं लागलं. काय झालंय ते मला समजलं होतं. मी झाले होते. आमचं ते स्वयंपाकघर, ती खुर्चीची कडा, ती मांडीवरची पर्स, सगळं मी माझ्यासोबत वर्गात आणून दुसऱ्या बाकावर मांडलं होतं.

तेव्हा मी जागा बदलली. शेवटच्या बाकावर, एका ताडमाड मुलाच्या मागे, जिथून मला फळ्याचा डावा कोपराच दिसायचा आणि ताईला मी अजिबात दिसायची नाही. पहिले काही दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी, थंडीची, काचांवर बाहेरून धुकं, मी वहीत मान घालून बसले होते, आणि फळ्याकडून येणारा आवाज बोलता बोलता खाली उतरला. मी वर पाहिलं नाही. पाहिलं तर तो जाईल अशी भीती वाटली. "आता समजा," ती म्हणत होती, "ही वाट इथपर्यंत आली, आणि इथे तिला दुसरी वाट भेटायला आली. भेटतील का?" खडू दोनदा टकटकला. "समीकरण सरळ स्वभावाचं असेल तर भेटणार नाहीत. भेटल्या तर त्या दोन नव्हेतच, पहिल्यापासून एकच असतात." मी ते समासात लिहून घेतलं. गणितातलं वाक्य होतं, अगदी साधं, सिद्ध करता येण्यासारखं, आणि ती ते काही माझ्यासाठी म्हणत नव्हती. पहिल्या दिवसानंतर ती हजेरी घेत नसे, आणि तिला वाटत होतं मी त्या दिवशी आलेच नाही. घंटा झाली. पुढचं उद्या. ताडमाड मुलगा उठला तशी मी पेन शोधायच्या निमित्ताने बाकाखाली वाकले. त्यानंतर रोज सकाळी मी त्याचा खांदा समोर घेऊन बसले आणि मनातल्या मनात, योग्य जागी, "मग?" म्हणत राहिले. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. त्यात चोरीचा भाग होता हेही मान्य आहे, पण वस्तू मुळात आपलीच असेल तर त्याला चोरी म्हणावं का, हा प्रश्न मी सोडवत बसले नाही.

मधल्या परीक्षेत एक गणित असं होतं की एका गोष्टीच्या वाढीचा वेग तिच्या स्वतःच्या वर्गमुळावर ठरतो. तर ती वाढते कशी? मी दोन्ही बाजूंना त्या वर्गमुळाने भागलं, पुढे सरळ गेले, सुबक उत्तर काढलं. पेपर परत मिळाला तेव्हा शेजारी लाल शाईत ताईचं बारीक अक्षर, "भागताना एक उत्तर हरवलं." वर्गात जवळपास सगळ्यांचंच हरवलं होतं, म्हणून तिने ते फळ्यावर घेतलं. आधी एक आडवी रेघ ओढली. "हे बघा शून्य. काहीच नाही, म्हणून वाढ नाही, म्हणून पुढेही काहीच नाही. हीसुद्धा एक वाट आहे की नाही? समीकरण पाळते की नाही? पण तुम्ही भागाकाराची घाई केलीत. शून्याने भागता येत नाही, म्हणजे भागलंत त्या क्षणी तुम्ही गृहीत धरलंत की शून्य नाहीच. तिथे काही घडत नाही ना, मग ते उत्तर कसं असेल, असं वाटतं आपल्याला." चष्मा तिच्या हातात गरगरत असणार, मला खडूचा आवाज येत होता. "आणि गंमत पुढेच आहे, हे समीकरण सरळ स्वभावाचं नाही. या आडव्या वाटेवरून कुठल्याही ठिकाणी असं वर निघता येतं. इथून. किंवा इथून. कितीही काळ शून्यावर बसा आणि मग उठा, समीकरणाची काही हरकत नाही. कधी उठायचं ते मात्र ते सांगत नाही." मी जरा बाजूला सरकून फळ्याचा डावा कोपरा पाहिला. आडव्या रेघेवरून ठिकठिकाणी वक्र उचलले गेले होते, आणि रेघ त्या सगळ्यांच्या खाली तशीच पुढे गेली होती. निळीने मागे वळून मला खूण केली, की बघा, मॅडम फॉर्मात आल्या. त्या दिवशी दुकानात मी एका गृहस्थांची लेन्स उलटी बसवली. मालक म्हणाले, "लक्ष कुठंय?" लक्ष शून्यावर होतं.

मग सत्र संपत आलं. शेवटच्या आठवड्यात माझी भूक मेली. परीक्षा झाली की मी पास होणार, पास झाले की त्या वर्गात पाय ठेवायचं मला कारण उरणार नाही, आणि मग पुन्हा काउंटरवर ठेवलेला चष्मा आणि बघ गं जरा घसरतोय. इतर मुलं नापास होण्याच्या भीतीने पांढरी पडली होती आणि मी पास होण्याच्या. उपाय उघड होता, फक्त तो सुचायला तेवढं निर्लज्ज व्हावं लागलं. परीक्षेच्या दिवशी पहिला प्रश्न मी सवयीने सोडवून टाकला, हाताला कुठे माहीत होतं. दुसरा निम्मा. मग पेन खाली ठेवलं. शेवटचा प्रश्न त्या वर्गमुळाचाच भाऊ होता. मी भागलं, आणि शून्य जाणूनबुजून बाहेर ठेवलं. बाकी पानं कोरी. उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसले. लहानपणी झोप आली तरी मी पापण्या बोटांनी उघड्या धरून "मग?" म्हणायची, ते आठवलं. तेही असंच होतं, गोष्ट लांबवायची.

निकाल लागायच्या आधीच एका दुपारी ताई दुकानात आली. जेवणाची वेळ, मालक घरी गेलेले, शटर मी अर्धं ओढलेलं. ती वाकून आत आली, समोरच्या स्टुलावर बसली, चष्मा काढला, एका हाताने, आणि काउंटरवर ठेवला. "घसरतोय," ती म्हणाली. मी तो उचलला आणि गरम हवेचं यंत्र चालू केलं. चष्म्याशिवाय तिचा चेहरा उघडा पडतो, नाकावर दोन लाल खुणा, आणि बारीक केलेले डोळे. तिला हातभर अंतरापलीकडचं काही दिसत नाही. मी कुठे आहे ते ती आवाजावरून ठरवत होती.

"अर्धा पेपर कोरा सोडलास," ती म्हणाली.

"येत नव्हतं."

"खोटं बोलू नकोस. पहिला प्रश्न ज्याला असा येतो त्याला बाकीचे येतात. आणि ते शून्य. एकदा चुकल्यावर तू पुन्हा तेच चुकशील होय? तू लहानपणी एकदा चटका बसलेल्या भांड्याकडे फिरकायची नाहीस." मी काडी हवेवर फिरवत राहिले. "नापास व्हायचं होतं तुला."

"हो."

"का?"

"परत बसता आलं असतं."

ती हसली, पण ते हसू कुठे पोचलं नाही. "नापास होणंही जमलं नाही तुला. जेवढं लिहिलंस तेवढ्यावर काठावर पास आहेस. आणि झाली असतीस तरी उपयोग नव्हता. पुढच्या सत्रापासून हा विषय माझ्याकडे नाही. मला विभागप्रमुख केलंय. फायली, मीटिंगा. वर्ग नाहीच." यंत्राची गरम हवा माझ्या बोटांवर येत होती ते मला चटका बसल्यावर कळलं. मी ते बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं. म्हणजे तो आवाज आता कुणालाच मिळणार नव्हता, मला नाही, निळीला नाही, कुणालाच नाही, आणि ताई फायलींच्या मागे चष्मा घालून बसणार होती, काडी अगदी सरळ. मला रडू आलं. ताईला दिसत नव्हतं म्हणून मी ते थांबवलं नाही.

"तू माझ्यासाठी बसली होतीस का वर्गात?" तिने विचारलं.

"तू तिथे जशी बोलतेस त्याच्यासाठी. घरी तू तशी बोलत नाहीस."

ताईने काउंटरच्या काचेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुझ्यासमोर आलं ना, की माझं तोंडच उघडत नाही. मी गेले आणि तू मागे राहिलीस. आईचं सगळं तू केलंस. आता हिला मी काय मजेचं सांगायचं, कुठल्या तोंडाने, असं होतं मला. म्हणून मग मी नळाचं विचारते."

मी रागावले आहे असं तिला वाटत होतं. मी माझ्या आत शोधून पाहिलं, खरंच शोधलं, एखादा राग कुठे सापटीत पडून राहिलाय का. नव्हता. तिथे फक्त एक दार होतं आणि दारात एक कासव उभं होतं. "मी रागावले नव्हते," मी म्हटलं. "मी कासवासाठी थांबले होते."

"कोणतं कासव?"

तिने ते इतक्या सरळ विचारलं की तिला खरंच आठवत नव्हतं यात शंका राहिली नाही. तळं नाही, कावळा नाही, आरसेवाला नाही, काहीच नाही. जी गोष्ट पुढे ऐकायला मी इथवर आले होते ती तिच्याकडे नव्हतीच. मला वाटलं होतं हे कधी झालं तर मी कोसळेन, पण मी चष्म्याची काडी दोन बोटांत धरून उभीच होते, आणि ती अजून कोमट होती. मी ती सरळ केली नाही. चष्मा तसाच बाजूला ठेवला आणि दुसरं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले, भिंतीच्या बाजूला.

"एक कासव होतं," मी म्हटलं. "त्याला आपली पाठ बघायची होती."

ताईने मान माझ्याकडे वळवली. मी तिला तळ्याचं सांगितलं. कावळ्याचं सांगितलं, तेव्हा ती नाकाने हसली, "एकच शब्द. बरा होता कावळा." मधले सगळे महिने मला जसे आठवतील तसे सांगितले, काही जनावरं बहुतेक मीच आत्ता घातली. मग आरसेवाला आला, त्याने आरसा धरला, तोंड दिसलं, आणि एका आरशाचं हे काम नव्हे म्हणून तो आत गेला. इथे मी थांबले, कारण पुढे मला काही माहीत नव्हतं. ताई डोळे बारीक करून, मी जिथे असेन तिथे बघत होती.

"मग?" ती म्हणाली.

शटरच्या खालून एका गिऱ्हाइकाचे बूट दिसले, जरा थांबले, आणि गेले. "मग आरसेवाला दुसरा आरसा घेऊन बाहेर आला," मी म्हटलं. "तो कासवाला म्हणाला, पुढचा आरसा मी भिंतीला टेकवतो, तो आपोआप उभा राहील. पण हा दुसरा तसा राहणार नाही. तो धरून कुणालातरी तुझ्या मागे उभं राहावं लागेल, नाहीतर पाठ दिसायची नाही. कासव म्हणालं, कोण राहील? आरसेवाला म्हणाला, मी राहतो की, मला कुठे जायचंय. आणि तो मागे जाऊन उभा राहिला." माझा आवाज केव्हा खाली उतरला होता ते मला कळलं नव्हतं, पलीकडे कुणीतरी झोपलंय आणि त्याला कळू द्यायचं नाही असं मी बोलत होते. ताईचा हात काउंटरवरून चाचपत आला आणि माझ्या मनगटावर थांबला.

"मग?"